मातीची मुलगी मातीचीच राहू द्या

श्री. जेम्स गन आणि श्री. पीटर सॅफ्रन यांना,



नोव्हेंबर २०२२ पासून डीसी स्टुडिओजची सूत्रं तुमच्या हाती आहेत. जानेवारी २०२३ मध्ये तुम्ही जी पहिली यादी जाहीर केलीत, तिच्यात 'पॅराडाइज लॉस्ट' ही मालिका होती. वंडर वुमनच्या, म्हणजे डायनाच्या, जन्माआधीचं थेमिस्किरा, फक्त बायकांचं ते बेट आणि तिथलं राजकारण असा तिचा विषय तुम्ही सांगितला होता. पुढे २०२५ मध्ये वंडर वुमनच्या नव्या चित्रपटाचं लेखन सुरू असल्याचंही सांगितलंत. म्हणजे तिच्या जन्माची गोष्ट पुन्हा सांगितली जाणार हे नक्की. ती कागदावर पक्की होण्याआधी तुमच्यापर्यंत एक मागणी पोहोचावी म्हणून हे पत्र लिहिते आहे. डायनाचा जन्म मातीतूनच होऊ द्या. तिला बाप देऊ नका.

ऐंशीहून अधिक वर्षं चालत आलेल्या व्यक्तिरेखेत बदल होणारच. मी बदलाच्या विरोधात नाही, उलट वंडर वुमनचे मला सर्वांत आवडणारे अंक हे जुनी गोष्ट नव्यानं सांगणारेच आहेत. पण नव्यानं सांगणं दोन प्रकारचं असतं. एका प्रकारात लेखक जुन्या गोष्टीतल्या न भरलेल्या जागा शोधतो आणि तिथे स्वतःची प्रतिभा खर्च करतो. दुसऱ्या प्रकारात तो आधी सांगितलेलं सगळं खोटं होतं असं जाहीर करून मोकळा होतो. वंडर वुमनच्या वाट्याला दोन्ही प्रकार आले आहेत, आणि कोणत्या प्रकारातून काय निघालं हे आज आपल्यासमोर आहे.

मुळात वंडर वुमनचे जनक विल्यम मोल्टन मार्स्टन यांनी १९४१ मध्ये जे केलं, तेही पुनर्कथनच होतं. हिप्पोलिटा ही ॲमेझॉन राणी ग्रीक पुराणातली. तिथे ती हेराक्लिसच्या पराक्रमाच्या यादीत येते, नवव्या कामगिरीत. तिचा कमरपट्टा आणायचा, एवढंच त्या कथेला तिच्याशी देणंघेणं. बहुतेक आवृत्त्यांत ती मारली जाते आणि कथा पुढच्या कामगिरीकडे निघून जाते. मार्स्टन यांनी कमरपट्टा ठेवला, हेराक्लिस ठेवला, त्यानं केलेली फसवणूकही ठेवली. पण कथा त्याच्याबरोबर पुढे न जाता त्या बायकांपाशी थांबली. साखळदंडात अडकलेल्या त्या बायकांचं पुढे काय झालं? त्यांनी ॲफ्रोडाइटीच्या मदतीनं बेड्या तोडल्या, समुद्र ओलांडला, बेट वसवलं आणि गुलामगिरीची आठवण म्हणून मनगटात कडी कायमची घातली.

'ऑल स्टार कॉमिक्स'च्या आठव्या अंकात १९४१ च्या अखेरीस डायना पहिल्यांदा अवतरली. तिच्या जन्माची सविस्तर कथा १९४२ च्या 'वंडर वुमन'च्या पहिल्या अंकात आली. बेटावर स्थिरावलेल्या राणीला मूल हवं होतं. अथेनानं तिला मातीतून माणसाची आकृती घडवायला शिकवलं, ॲफ्रोडाइटीनं त्या आकृतीत प्राण घातले. एक आई, दोन देवी आणि मूठभर माती. या जन्मात पुरुषाचा कुठे संबंधच नाही.

ही कल्पना मार्स्टन यांना सहज सुचलेली नव्हती. त्यांच्या घरात एलिझाबेथ होलोवे मार्स्टन आणि ऑलिव्ह बर्न या दोन स्त्रिया होत्या आणि दोघींना त्यांच्यापासून मुलं होती. ऑलिव्ह मनगटात जी रुंद कडी घालायच्या, तीच पुढे डायनाच्या हातात आली. आपल्या मुलांना त्यांनी त्यांचा बाप वारल्याचं सांगितलं होतं आणि त्यासाठी एक नवरा कल्पनेतून उभा केला होता. ऑलिव्ह यांच्या आई एथेल बर्न आणि मावशी मार्गारेट सँगर यांनी १९१६ मध्ये ब्रुकलिनमध्ये संततिनियमनाचं केंद्र उघडलं आणि त्यापायी तुरुंगवास भोगला. मूल कधी हवं आणि हवं की नको, हे बाईनं ठरवावं यासाठी ज्या घरातल्या बायका तुरुंगात गेल्या, त्या घराच्या सावलीत राणी हिप्पोलिटा समुद्रकिनारी बसून स्वतःच्या इच्छेनं स्वतःचं मूल घडवते. त्या मातीत हा सगळा इतिहास मिसळलेला आहे. म्हणून ती बदलताना हात थरथरायला हवा.

२०११ मध्ये तो थरथरला नाही. डीसीनं आपलं सगळं विश्व नव्यानं सुरू केलं तेव्हा ब्रायन अझरेलो यांनी लिहिलेल्या आणि क्लिफ चिआंग यांनी चितारलेल्या मालिकेत ठरलं, की मातीची गोष्ट ही आईनं सांगितलेली थाप होती. डायना खरं तर झ्यूस आणि हिप्पोलिटा यांची मुलगी. झ्यूसच्या बायकोच्या, हेराच्या, संतापापासून मुलीला वाचवायला हिप्पोलिटानं मातीचं कथानक रचलं होतं. बेटावरच्या बाकीच्या ॲमेझॉन डायनाला 'माती' म्हणून चिडवत. पुढच्या वर्षी सातव्या अंकात याहून वाईट घडलं. या बायका जहाजांवरच्या खलाशांना मोहात पाडून मारतात आणि पोटी आलेले मुलगे हिफेस्टसला देऊन बदल्यात शस्त्रं घेतात, असं त्या अंकानं सांगितलं. मालिका नीरस नव्हती. चिआंग यांची चित्रं देखणी आहेत, त्यांनी घडवलेले आधुनिक देव लक्षात राहतात आणि कथेला वेग आहे. हे सगळं मान्य करूनही माझं मत बदलत नाही. बेड्यांतून सुटून समता उभारणाऱ्या बायकांना खुनी ठरवलं, की नायिका ज्या जमिनीवर उभी आहे तीच निघून जाते.

झ्यूसला बाप केल्यानं आणखी एक गोष्ट होते, जिच्याकडे फारसं कुणी लक्ष दिलेलं दिसत नाही. हेराक्लिस हा झ्यूसचाच मुलगा. ज्यानं हिप्पोलिटाला फसवलं आणि तिच्या माणसांना गुलाम केलं, तो आता डायनाचा सावत्र भाऊ झाला. ज्या जुलमाच्या विरोधात ती कडी मनगटावर आली, तो जुलूमच घरातला झाला. आणि झ्यूसची ग्रीक पुराणातली ओळख काय आहे? कधी हंस, कधी बैल, कधी सोन्याचा पाऊस होऊन बायकांना गाठणारा देव. पुरुषी सत्तेपासून दूर जाऊन वसवलेल्या बेटावरची राजकन्या शेवटी त्याच्याच अनेक मुलांपैकी एक निघावी, यात नवं काय सांगितलं गेलं? एकदा बाप आला की बाकीचा गोतावळाही आलाच. २०१६ मध्ये डायनाला जेसन नावाचा जुळा भाऊ असल्याचं कळलं. त्या भावाची गरज कुणालाच नव्हती.

पॅटी जेनकिन्स यांचा २०१७ चा 'वंडर वुमन' चित्रपट मला मनापासून आवडतो. डायना झालेली गॅल गॅडोट खंदकाची शिडी चढून वर येते, तो प्रसंग पाहून अनेक बायका थिएटरात रडल्या आणि ते रडणं खोटं नव्हतं. त्या चित्रपटानं जगभरात ८० कोटी डॉलरहून अधिक कमाई केली. पण त्यातला एक छोटा प्रसंग बघा. रात्री बोटीत डायना बेटावर येऊन पडलेल्या वैमानिक स्टीव्ह ट्रेव्हरला अगदी सहज सांगते, की आईनं मला मातीतून घडवलं आणि झ्यूसनं प्राण दिले. स्टीव्ह काय बोलावं न सुचून गप्प होतो आणि मग काहीतरी सौजन्याचं बोलून वेळ मारून नेतो. तिला मात्र आपल्या जन्मात काहीच विचित्र वाटत नाही. संपूर्ण चित्रपटात ती सर्वांत मोकळी, सर्वांत स्वतःची असते ती त्या क्षणी. आणि शेवटच्या लढाईत युद्धदेव एरीस तिला सांगतो, की आईनं तुला फसवलं, तू झ्यूसची मुलगी आहेस. तिची ताकद बापाकडून आली, हे तिला तिच्या शत्रूकडून कळतं. सत्याचा दोर घेऊन फिरणाऱ्या मुलीची आई खोटारडी ठरते, आणि एवढं करून कथेच्या हाती काय लागतं? सुपरमॅनला जॉर-एल आहे, ब्रूस वेनला थॉमस वेन आहे. बापाचा वारसा सांगणारे नायक तुमच्याकडे भरपूर आहेत. डायना त्या सगळ्यांपेक्षा वेगळी होती आणि तो वेगळेपणा कुणी मागितला नसताना काढून घेतला गेला.

याउलट जॉर्ज पेरेझ काय करतात, ते जरा तपशिलात सांगते, कारण तुमच्या लेखकांना तिथे शिकण्यासारखं खूप आहे. १९८५-८६ मध्ये 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स'नं डीसीचं जुनं विश्व पुसून टाकलं. पेरेझ त्या मालिकेचे चित्रकार. म्हणजे पाटी कोरी करण्याचं स्वातंत्र्य ज्यांना होतं, त्यांत ते पहिले. १९८७ च्या सुरुवातीला ग्रेग पॉटर, लेन वाइन आणि संपादक कॅरन बर्गर यांच्या साथीनं त्यांनी वंडर वुमन नव्यानं सुरू केली. पहिला अंक ग्रीसमध्ये सुरू होत नाही. तो सुरू होतो अश्मयुगात, एका गुहेत. हात गमावलेला, टोळीत मान गेलेला एक पुरुष आपला राग एका गरोदर बाईवर काढतो आणि तिला ठार मारतो. पुढे कळतं, की पुरुषांच्या हातून अशा मेलेल्या हजारो बायकांचे आत्मे पृथ्वीमाता गाइयानं आपल्या उदरात सांभाळून ठेवले आहेत. पाच देवी तिथे जातात आणि त्या आत्म्यांना नवी शरीरं मिळतात. त्या ॲमेझॉन. सगळे आत्मे बाहेर पडतात, एक तेवढा मागे राहतो.

शतकं उलटतात. बेड्या, सुटका, बेट, सगळं मार्स्टन यांच्या कथेप्रमाणेच होतं. हिप्पोलिटाला मात्र एक हुरहूर लागलेली असते, जिचं कारण तिला कळत नाही. भविष्य सांगणारी मेनालिपी तिला सांगते, की गुहेत मारली गेलेली ती गरोदर बाई म्हणजे तूच. मागे राहिलेला आत्मा तुझ्या पोटातल्या बाळाचा आहे. किनाऱ्यावर जा आणि मातीतून त्याला शरीर दे.

पेरेझ यांनी मातीचा कणही हलवला नाही. फक्त राणीला मूल का हवं होतं, हे त्यांनी विचारलं. मार्स्टन यांच्या कथेत ती एक इच्छा होती, इथे ते बत्तीस हजार वर्षांपूर्वी हिरावून घेतलेलं मूल परत मिळणं झालं. कथा तीच, पण ती वाचताना घशात आवंढा येतो. महाराष्ट्रात वाढलेल्या कुणालाही हे परकं वाटणार नाही. पार्वतीनं अंगच्या मळापासून घडवलेला मुलगा आम्ही दर भाद्रपदात शाडूच्या मूर्तीत घरी आणतो, आणि त्या गोष्टीतही दाराशी आलेल्या बापानं काय केलं, हे प्रत्येक पोराला पाठ असतं.

पेरेझ यांची दुसरी करामत तर मला याहून मोठी वाटते. जुन्या कथेत दोन प्रश्न होते, ज्यांच्याकडे चाळीस वर्षं सगळ्यांनी डोळेझाक केली होती. जिथे पुरुषच नाहीत, त्या प्राचीन बेटावर गोळ्या कड्यांवर झेलण्याच्या स्पर्धेसाठी बंदूक आली कुठून? आणि ग्रीक राजकन्येच्या अंगावर अमेरिकी झेंड्याचे रंग कशासाठी? दुसऱ्या कुणी स्पर्धा बदलली असती, पोशाख बदलला असता. पेरेझ यांनी डायना ट्रेव्हर नावाची वैमानिक निर्माण केली. तिचं विमान या बेटावर कोसळतं, ॲमेझॉनच्या बाजूनं लढताना ती मरते आणि तिचं पिस्तूल बेटावर राहतं. तिच्या सन्मानार्थ तिच्या बोधचिन्हांचे रंग पोशाखावर येतात, तिच्या नावावरून राजकन्येचं नाव ठेवलं जातं, आणि स्टीव्ह ट्रेव्हर हा तिचाच मुलगा निघतो. दोन्ही अडचणी एका बाईमुळे सुटल्या, तीही अशी बाई जी अनोळखी बायकांसाठी जीव देते. कॅननचा, म्हणजे व्यक्तिरेखेच्या प्रस्थापित कथेचा, आदर म्हणतात तो हा. पेरेझ मे २०२२ मध्ये गेले. त्यांच्या त्या अंकांइतकं काळजीपूर्वक काम या व्यक्तिरेखेवर क्वचितच झालं आहे.

अलीकडचं उदाहरण हवं असेल तर केली स्यू डिकॉनिक यांचं 'वंडर वुमन हिस्टोरिया: द ॲमेझॉन्स' घ्या. २०२१ आणि २०२२ मध्ये ते तीन खंडांत आलं. फिल हिमेनेझ, जीन हा आणि निकोला स्कॉट यांनी त्याचा एकेक खंड रेखाटला आहे. तिथली हिप्पोलिटा आधी राणी नसतेच. ती बाळंतपणाला मदत करणारी एक साधी बाई असते. मुलगी झाली म्हणून नकोशी झालेलं एक तान्हं बाळ तिच्या हातात देतात आणि नदीकाठी सोडून यायला सांगतात. ती सोडून येते. मग तिला राहवत नाही, ती धावत परत जाते, पण बाळ तिथे नसतं. त्या एका अपराधातून तिचा ॲमेझॉनांपर्यंतचा प्रवास सुरू होतो. शेवट आपल्याला ठाऊक आहे, आणि ठाऊक असूनही तो वाट पाहायला लावतो. तुमच्या 'पॅराडाइज लॉस्ट'ला याहून चांगला पाया मिळणार नाही.

कॅननचा आदर म्हणजे जुन्या अंकातली प्रत्येक ओळ पाळायची, असं मात्र मी म्हणत नाही. युद्धकाळातल्या अंकांत जपानी माणसांची चित्रं ज्या पद्धतीनं काढली आहेत, ती आज छापायच्या लायकीची नाहीत. १९४२ मध्ये जस्टिस सोसायटी या सुपरहिरोंच्या संघात डायनाला घेतलं ते सेक्रेटरी म्हणून, आणि पुरुष मोहिमेवर जाताना ती मागे राहून इतिवृत्त लिहायची. तेही खुशाल टाकून द्या. १९६८ मध्ये तिची शक्ती काढून घेऊन तिला पांढऱ्या पोशाखात बुटीक चालवायला बसवलं, ते १९७३ मध्ये डीसीनंच मागे घेतलं. पण त्याच १९७३ मधली नुबिया बघा. हिप्पोलिटानं काळ्या मातीतून घडवलेली दुसरी मुलगी, जिला मार्सनं पळवून नेलं. पुढे नुबिया थेमिस्किराची राणीही झाली. एकाच आईच्या हातच्या दोन रंगांच्या मातीतून दोन बहिणी, इतकी ताकदीची कल्पना तुमच्या तिजोरीत पडून आहे. डायना झ्यूसची झाली, की ती बहीण तुटते.

मग नवं काय सांगायचं, असं तुमचे लेखक विचारतील. पुष्कळ उरलं आहे. थेमिस्किरावर एकच मूल वाढलं. त्या बेटावरची प्रत्येक बाई काही ना काही सोसून तिथे पोहोचली आहे, आणि त्यांच्यामध्ये ही एकटी, जिच्या अंगावर एकही व्रण नाही. हजारो बायका तिच्या आया आहेत आणि तिच्या वयाचं कुणीही नाही. त्या तिला काय सांगतात, काय लपवतात? तिला कोण अंगावर घेऊन झोपवतं आणि कोणाला तिच्याकडे बघवत नाही, कारण आपलं गेलेलं मूल आठवतं?

आणि ती कडी. बाकी सगळ्यांच्या मनगटावर ती बेड्यांची आठवण आहे. डायना तर कधीच कुणाची गुलाम नव्हती, मग ती तिच्या हातात कशाला? ऐंशी वर्षांत ती इतक्या वेळा गोळ्या अडवताना दिसली, की हा प्रश्न बाजूलाच राहिला. तिच्या हातात ती पहिल्यांदा चढवली जाते तो प्रसंग लिहा. सात-आठ वर्षांची पोर, समोर कडी घेऊन बसलेली एक ॲमेझॉन, आणि त्या पोरीचा साधा प्रश्न, की तुझ्या कड्याखाली कातडी अशी का झाली आहे. त्या बाईला उत्तर द्यावंच लागेल. जगात वाईट काय असतं, हे डायनाला त्या दिवशी कळेल आणि पुढे बेट सोडण्याचं तिचं कारणही तिथेच सापडेल. स्टीव्हवरचं प्रेम हे कारण मला नेहमीच अपुरं वाटलं. या प्रसंगासाठी मार्स्टन यांचा एकही शब्द खोडावा लागत नाही.

हिप्पोलिटाचा नकारही नव्यानं बघता येईल. बाहेरच्या जगात कुणी जायचं हे ठरवणाऱ्या स्पर्धेत मुलीनं उतरू नये असं ती सांगते, मुलगी तोंड झाकून उतरते आणि जिंकते. ही गोष्ट प्रत्येक आवृत्तीत झटकन उरकली जाते. आपल्या हातांनी घडवलेली मुलगी ज्या जगाकडे पाठवायची, त्या जगाचा हिशेब त्या आईइतका कुणाकडेच नाही. बापाचं रहस्य उघड करण्यात जी वीस मिनिटं खर्च होतात, ती या दोघींना द्या.

आमच्याकडे इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये महाभारताकडे नव्यानं पाहिलं. द्रौपदी, गांधारी, कुंती यांच्या आयुष्यातल्या घटना त्यांनी बदलल्या नाहीत, तरी ते पुस्तक वाचल्यावर त्या बायका पूर्वीसारख्या दिसत नाहीत. घटना न बदलता नवं सांगता येतं, हे आम्ही वाचक म्हणून अनुभवलं आहे. त्यामुळे धक्का दिल्याशिवाय प्रेक्षक येत नाहीत, हे कुणी तुम्हाला सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका.

लेखन सुरू आहे तोवर एवढं करा. पेरेझ यांचे सुरुवातीचे अंक आणि 'हिस्टोरिया'चे तीन खंड लेखकांच्या टेबलावर ठेवा, हिप्पोलिटाला तिची माती परत द्या, आणि झ्यूसला या जन्मापासून लांब ठेवा.



आपली,
वंडर वुमनची एक मराठी वाचक